भोपळा म्हणजे पास

प्रत्येक प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. त्याला रिटर्न कोड म्हणतात. कोणी एक्झिट कोड म्हणते, कोणी एक्झिट स्टेटस. प्रोग्राम रात्रभर राबलेला असो की निमिषभर, त्याने लाखभर फायली हलवलेल्या असोत की पहिल्याच फायलीपाशी त्याचे घोडे अडलेले असो, युनिक्स कुळातल्या यंत्रांवर त्याची मागे उरणारी इस्टेट एवढीच: ० ते २५५ यांमधली एक संख्या. ही इस्टेट वारसाला मिळत नाही, जन्मदात्याला मिळते; म्हणजे ज्या प्रोग्रामने त्याला कामाला लावले त्याला. ती त्याच्यापर्यंत धड पोहोचते का, हा या विषयाचा अर्धा भाग. पोहोचल्यावर तो ती उघडून पाहतो का, हा उरलेला अर्धा.

या आकड्यांत सर्वांत मोठा मान शून्याचा. शाळेत गणिताच्या पेपरात भोपळा मिळाला की घरात चार दिवस सुतकी शांतता असते. प्रोग्रामांच्या जगात भोपळा म्हणजे पास, आणि १ पासून २५५ पर्यंतचे सगळे नापास. न्याय उफराटा वाटतो, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. काम झाले असेल तर सांगण्यासारखे काही उरत नाही. झाले नसेल तर मात्र फाइल सापडली नाही, सापडली पण उघडली नाही, उघडली पण आत भलतेच निघाले, लिहायला जागाच उरली नाही, अशी सबबींची रांग लागते. होकाराला एक आकडा पुरतो. सबबींना दोनशे पंचावन्नही कमी पडतात. शून्य एकच आहे, म्हणून ते होकाराच्या वाट्याला आले.

घोटाळा असा की सी भाषेत आणि तिच्या गोतावळ्यात शून्य म्हणजे ‘खोटे’, आणि बाकीच्या सगळ्या संख्या ‘खरे’. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत, नेमके उलट. दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य, आणि संसार एकाच घरात. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेल्या पर्ल भाषेत या संसाराची भांडणे चव्हाट्यावर येतात. पर्लमध्ये फाइल उघडताना ‘उघड, नाहीतर मर’ अशा अर्थाची ओळ लिहायची पद्धत आहे. उघडणे जमले की ‘खरे’ मिळते आणि मरण टळते. ही सवय हाताला लागलेला माणूस बाहेरचा प्रोग्राम बोलावतानाही ‘चालव, नाहीतर मर’ असेच लिहितो. बोलावलेला प्रोग्राम नीट चालतो, शून्य परत देतो, पर्ल त्या शून्याला ‘खोटे’ समजते आणि जागच्या जागी प्राण सोडते. तोच प्रोग्राम आपटला तर आकडा येतो, तो ‘खरे’ ठरतो आणि सगळे पुढे सुखाने चालू राहते. मुलगा पास झाला की बाप अंथरूण धरतो, नापास झाला की पेढे वाटतो. उपाय सोपा आहे: उत्तर शून्याइतके आहे का, हे उघड शब्दांत विचारायचे.

बाप-मुलाची ही उपमा लेखकांनी बाहेरून आणलेली नाही; पारिभाषिक शब्दच ते आहेत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये कामाला लावणारी ती पालक प्रोसेस आणि लागणारी ती अपत्य प्रोसेस. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या पहिल्या नियमपुस्तिकेतच या कुटुंबाचे विधी आलेले आहेत. ‘फोर्क’ हा जन्म: पालकाची हुबेहूब नक्कल तयार होते आणि कोण बाप, कोण मूल हे फोर्कने दिलेल्या उत्तरावरूनच कळते. ‘एक्झेक’ हा वेषांतराचा विधी: मूल बापाचे सगळे गुण टाकून नवाच प्रोग्राम अंगावर चढवते. ‘एक्झिट’ हा अंत, आणि ‘वेट’ म्हणजे बापाने उंबऱ्यात बसून वाट पाहणे. रिटर्न कोड एक्झिटच्या तोंडातून निघतो आणि वेटच्या कानात पडतो. मध्ये निरोप्या म्हणून कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, असतो.

हे चार विधी एकेक करून उरकण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी सी भाषेच्या वाचनालयात ‘सिस्टिम’ नावाचे फंक्शन आहे. त्याला आज्ञा सांगायची. जन्म, वेषांतर आणि वाट पाहणे ते परस्पर उरकते. फक्त आज्ञा थेट प्रोग्रामला न सांगता ते शेलला सांगते आणि शेल ती प्रोग्रामला सांगतो. आईने थोरल्याला सांगावे, ‘कोथिंबीर आण’, आणि थोरल्याने धाकट्याला पिटाळावे, तसे. कोथिंबीर येतेही. पण नाही आली, तर बाजारात नव्हती, धाकटा वाटेत पडला, की थोरल्याने निरोपच दिला नाही, हे आईला एका आकड्यावरून ओळखावे लागते.

तो आकडाही सरळ हातात येत नाही. पालकाला मिळते ते एक प्रगतिपुस्तक, आणि त्यात दोन रकाने असतात. युनिक्स वाढले ते पीडीपी-११ या यंत्रावर, आणि त्याचा एक शब्द १६ बिटांचा. त्यातली वरची आठ बिटे गुणांची: मुलाने एक्झिटला जे सांगितले ते इथे. खालची आठ शेऱ्याची: मूल आपल्या मरणाने गेले असेल तर इथे शून्य, कोणी सिग्नल, म्हणजे बाहेरून आलेला इशारा, पाठवून मारले असेल तर त्या सिग्नलचा क्रमांक, आणि मरताना त्याने आपल्या स्मृतीची गाठोडी डिस्कवर टाकली असेल तर वर १२८. रचना काटकसरीची आणि चोख आहे. फक्त पुस्तक न उघडता त्याचे वजन करणाऱ्याला ती दगा देते. गुण वरच्या रकान्यात असल्यामुळे सबंध पुस्तक एकच संख्या म्हणून वाचले, तर मुलाने सांगितलेला १ हा २५६ दिसतो आणि २ हा ५१२. नवशिक्या माणसाला प्रोग्रामच्या कागदपत्रांत ५१२ हा दोष कुठेच सापडत नाही. जुनाजाणता असे दोनशे छप्पन पाहिलेला असतो. तो गुपचूप २५६ ने भागतो, किंवा सीमधल्या त्याच कामाच्या मॅक्रोंना विचारतो. आधी ‘आपल्या मरणाने गेला का?’ आणि हो म्हटले तरच ‘जाताना काय म्हणाला?’ हा क्रम महत्त्वाचा आहे. खून झालेल्याचे गुण विचारण्यात अर्थ नसतो. ते शून्यच निघतात, आणि शून्य म्हणजे पास.

वजन करण्याच्या या सवयीचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. पायथनमध्ये ‘ओएस’ मोड्यूलचे ‘सिस्टिम’ हे फंक्शन युनिक्सवर असेच न उघडलेले पुस्तक परत देते. एका स्क्रिप्टचे सगळे काम एवढेच असते, की दुसरा प्रोग्राम चालवायचा आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे आपले उत्तर म्हणून वर पाठवायचे. लिहिणारा प्रामाणिक असतो. पदरचे काही घालत नाही. आतला प्रोग्राम नापास होतो आणि १ म्हणतो. स्क्रिप्टच्या हातात २५६ पडतात. स्क्रिप्ट इमानदारीने एक्झिटला २५६ सांगते. पण गुणांचा रकाना आठ बिटांचा. त्यात २५५ च्या वरचे मावत नाही आणि जे मावत नाही ते सांडते. २५६ मधून २५६ सांडले की उरतो भोपळा. वरच्याला कळते: पास. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, कोणीही खोटे न बोलता, नापास पोरगा पहिल्या वर्गात आलेला असतो. पर्लमध्येही हेच नाटक त्याच संचात होते. याच सांडण्यामुळे नापास चाचण्यांची संख्या रिटर्न कोड म्हणून देणाऱ्या प्रोग्रामात नेमक्या २५६ चाचण्या नापास झाल्या, तर सगळे उत्तम असल्याचा निकाल लागतो. पर्लच्या चाचण्यांचे ‘टेस्ट मोअर’ हे मोड्यूल म्हणूनच २५४ च्या वर मोजणे सोडून देते. त्यापुढची अब्रू मोजून काय करायची, हा व्यवहारही त्यात असावा.

आता मध्यस्थ शेलचे आकडे. शेलला आज्ञेच्या नावाचा प्रोग्रामच सापडला नाही तर तो १२७ म्हणतो. सापडला, पण चालवता येत नसेल तर १२६. प्रोग्राम सिग्नलने मारला गेला, तर १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून सांगतो, कारण त्याला स्वतःच्या एक्झिटसाठी एकच रकाना असतो आणि मुलाचे गुण आणि शेरा दोन्ही त्यातच बसवावे लागतात. म्हणून कंट्रोल-सी दाबून थांबवलेला १३०. ‘आवरते घ्या’ अशी सभ्य सूचना मिळून गेलेला १४३. दुसऱ्याच्या बांधात नांगर घालताना पकडला गेलेला, म्हणजे आपली नसलेली स्मृती कोरणारा १३९. आणि कसलीही पूर्वसूचना न देता नऊ क्रमांकाच्या सिग्नलने उडवलेला १३७. हा शेवटचा आकडा कंटेनर, म्हणजे प्रोग्रामांच्या बंदिस्त खोल्या, सांभाळणाऱ्यांना पहाटे तीन वाजता झोपेतही ओळखता येतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, ठरवून दिलेल्या मेमरीपेक्षा जास्त खाल्ले आणि कर्नलने पंगतीतून उठवले.

एकाच मृत्यूचे असे किती दाखले निघतात, हे मोजण्यासारखे आहे. नऊ क्रमांकाच्या सिग्नलने गेलेला प्रोग्राम शेलमध्ये १३७ असतो. पायथनचे ‘सबप्रोसेस’ त्याला उणे ९ म्हणते. ‘सिस्टिम’ने बोलावला असेल आणि शेलने स्वतः वेषांतर करून तोच प्रोग्राम अंगावर चढवलेला असेल, तर ९. शेल मध्ये तसाच उभा राहिला असेल, तर तो १३७ गुण म्हणून वर कळवतो आणि पुस्तकाचे वजन भरते ३५०७२. मयत एक, कारण एक, आकडे चार. यांत आणखी भर म्हणून कोणत्याही प्रोग्रामला स्वखुशीने १३७ किंवा १२७ सांगून संपण्याची मोकळीक आहे. त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे १२७ आले, तर प्रोग्राम सापडला नाही, की सापडून, चालून, विचार करून तो स्वतःच तसे म्हणाला, हे आकड्यावरून ठरत नाही. उत्तर नरो वा कुंजरो वा असते, आणि युद्धाचा निर्णय त्यावर घ्यायचा असतो.

‘सिस्टिम’ या फंक्शनच्या स्वतःच्याही काही लहरी आहेत. मूल जन्मालाच घालता आले नाही, तर ते उणे १ परत देते. हे समजण्यासारखे आहे. पण एखाद्या पालकाने आधीच कर्नलला कळवून ठेवलेले असते, की मुलांच्या मृत्यूच्या बातम्यांत आपल्याला रस नाही. परस्पर उरकून टाकत जा. असा पालक पुढे ‘सिस्टिम’ वापरतो. मूल जन्मते, काम करते, भोपळा मिळवून समाधानाने जाते. कर्नल हुकमाप्रमाणे सगळे परस्पर उरकतो. मग उंबऱ्यात बसलेले ‘सिस्टिम’ चौकशी करते, तेव्हा त्याला उत्तर मिळते: मूलबाळ नाही. तेही उणे १ परत देते. काम झालेले असते, फाइल तयार असते, आणि कागदोपत्री ते करणारा जन्मालाच आलेला नसतो. सरकारी कचेरीत जिवंतपणाचा दाखला आणायला सांगितलेल्या पेन्शनरांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी लहर कंट्रोल-सीची. मूल काम करीत असेपर्यंत ‘सिस्टिम’ पालकाच्या कानात बोळे घालते, म्हणजे थांबण्याचा हुकूम फक्त मुलाला लागू व्हावा. हेतू चांगला आहे. पण शंभर चित्रे एकेक करून लहान करणारी स्क्रिप्ट चुकीच्या फोल्डरवर सोडली आणि ते लक्षात येऊन कंट्रोल-सी दाबले, की चालू चित्राचा प्रोग्राम मरतो आणि पालक पुढच्या चित्राचा प्रोग्राम जन्माला घालतो. पुन्हा दाबले, पुन्हा एक मेला, पुन्हा एक जन्मला. कंसाला सहाच वेळा हे साधले. इथे शंभर वेळा करता येते. सुटका एकच: मूल कशाने गेले हा शेरा पालकाने दर खेपेला वाचायचा, आणि कंट्रोल-सीने गेले असेल तर स्वतःही थांबायचे.

आकडा सुखरूप हातात आला, असे धरले तरी त्याचा अर्थ लावायचा राहतो. शून्य वगळता एकमत कुठेच नाही. मजकूर शोधणारा ‘ग्रेप’ सापडले तर ०, नाही सापडले तर १ आणि खरोखरच काही बिघडले तर २ म्हणतो. दोन फायली ताडून पाहणारा ‘डिफ’ सारख्या असतील तर ०, फरक असेल तर १, संकट असेल तर २. म्हणजे या दोघांचा १ हा नापास नव्हे, नकार आहे. ‘चोर आहे का घरात?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आले तर ते अपयश मानायचे का, असा हा पेच, आणि पहिल्या चुकीला थांबण्याचा हुकूम दिलेली शेल स्क्रिप्ट ते अपयशच मानते. डिस्क तपासणारा ‘एफएससीके’ तर बेरजेत बोलतो: दोष दुरुस्त केले याचा १, यंत्र पुन्हा सुरू करा याचा २, दोष तसेच राहिले याचा ४. त्यामुळे ३ याचा अर्थ ‘केले नीट, आता बंद करून चालू करा’, असा शेजारचा इलेक्ट्रिशियन सांगतो तोच.

विंडोजवरच्या ‘रोबोकॉपी’ने या क्षेत्रात स्वतंत्र तत्त्वज्ञान मांडले. फायली नकलायला सांगितल्या आणि त्या यशस्वीपणे नकलल्या, तर तो १ म्हणतो. नकलण्यासारखे काही नव्हते, तर ०. खरी चूक ८ पासून पुढे सुरू होते. ज्या स्वयंचलित व्यवस्थेला शून्याखेरीज काही कळत नाही, ती रोबोकॉपीने काम केले की ओरडते आणि तो रिकामा बसला की समाधानी असते. असे अनुभव काही कचेऱ्यांतून माणसांनाही येतात.

आकड्यांना शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सेंडमेलचे कर्ते एरिक ऑलमन यांच्या टपाल-प्रोग्रामांतून एक यादी निघाली, ती ६४ ते ७८ या आकड्यांची. आज्ञाच चुकीची दिली तर ६४, पत्त्यावरचा माणूस ओळखीचा नाही तर ६७, परवानगी नाही तर ७७. त्यातला ७५ हा सर्वांत घरगुती: आत्ता होत नाही, नंतर या. साहेब जेवायला गेलेत, एवढेच त्यात लिहायचे राहिले. टपालखात्याबाहेर ही यादी फारशी कोणी मनावर घेतली नाही. आजही बहुसंख्य प्रोग्राम कोणत्याही आपत्तीला १ म्हणतात आणि मोकळे होतात.

इतर घराण्यांच्या रीती वेगळ्या. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या यंत्रमालेवर आकडे चारच्या पाढ्यात येतात: ०, ४, ८, १२, १६. ४ म्हणजे कुरकुर, ८ म्हणजे तक्रार, १६ म्हणजे अंत्ययात्रा. चारचा पाढा अशासाठी, की तिथली उडी मारायची सूचना चार बाइटांची. आकडा उड्यांच्या तक्त्यात थेट वापरता येतो. पण तिथे काम पायऱ्यापायऱ्यांनी चालते आणि पायरीची अट लिहायची पद्धत अशी, की अट खरी ठरली तर पुढची पायरी चालवायची नाही. ‘मागचा आकडा चारपेक्षा मोठा असेल तर हे करू नको’ असा विचार ‘चार लहान आहे’ अशा शब्दांत लिहावा लागतो. उपवास सोडायचा नसेल तर जेवू नका असे नाही, असे म्हणण्याचा हा प्रकार.

याच यंत्रांवर ‘आयईएफबीआर-१४’ नावाचा एक प्रोग्राम आहे. त्याचे काम काहीही न करणे. फायली तयार करणे आणि खोडणे ही कामे तिथे पायरी चालवण्याच्या निमित्ताने होतात, आणि पायरीला प्रोग्राम लागतोच. म्हणून नावापुरता हा उभा केला. त्यात सूचना एकच होती: आलास तसा परत जा. त्या एका सूचनेच्या प्रोग्रामातही चूक निघाली. रिटर्न कोड पंधराव्या रजिस्टरमध्ये ठेवायचा संकेत. याने तिथे काहीच ठेवले नाही, त्यामुळे आधी कोणी जे टाकून गेले असेल तेच याचे उत्तर ठरले. काहीही न करण्यात तो कधी कधी नापास होऊ लागला. मग पंधरावे रजिस्टर शून्य करणारी सूचना घालण्यात आली आणि प्रोग्राम दुप्पट मोठा झाला: दोन बाइटांचा चार. काहीही न करणे आणि काहीही न करण्यात यशस्वी होणे यांत नेमका दोन बाइटांचा फरक आहे.

डॉसमध्ये १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून रिटर्न कोड विचारायची सोय झाली, पण विचारायची रीत लिलावातली. ‘एररलेव्हल १ आहे का?’ याचा अर्थ ‘१ किंवा वर आहे का?’ म्हणून मोठ्या आकड्यापासून खाली उतरत विचारावे लागे. ‘शून्य आहे का?’ असे थेट विचारले, तर उत्तर कायम ‘हो’, कारण शून्य किंवा वर सगळेच असतात. विंडोजने पुढे आकड्याला ३२ बिटांचा ऐसपैस वाडा दिला. त्यामुळे बांध कोरणारा तिथे उणे १०७३७४१८१९ होऊन मरतो. याच वाड्यात २५९ हा आकडा ‘अजून जिवंत आहे’ या अर्थाने राखून ठेवलेला आहे. एखाद्या प्रोग्रामने अजाणता २५९ सांगून प्राण सोडला, तर आकड्यावर भरवसा ठेवणारा पालक त्याची वाट जन्मभर पाहत राहतो.

वाटेतली गळती हा स्वतंत्र विषय आहे. शेलमध्ये मागच्या आज्ञेचा आकडा डॉलर आणि प्रश्नचिन्ह जोडून विचारतात. पैसे मोजून विचारलेला प्रश्न असला तरी उत्तर एकदाच मिळते. ‘एको’ या आज्ञेने तो पडद्यावर छापला आणि नीट दिसला नाही म्हणून पुन्हा छापला, तर दुसऱ्यांदा शून्य दिसते. खोटे काही नाही. तो ‘एको’चा स्वतःचा निकाल आहे. छापण्याचे काम त्याने उत्तम केले होते.

त्याहून मोठी गळती पाइपात, म्हणजे एका आज्ञेचे छापलेले दुसरीच्या तोंडी देणाऱ्या नळीत. रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत काढायची, ती पाइपातून ‘जीझिप’कडे दाबायला द्यायची आणि फायलीत ठेवायची, ही ओळ हजारो यंत्रांवर असते. पाइपाचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल, असा शेलचा नियम. एके रात्री डेटाबेसचा पासवर्ड बदलतो. प्रत काढणारा दारातूनच परततो आणि १ सांगतो. ते कोणी ऐकत नाही. जीझिपच्या तोंडी काहीच येत नाही. तो त्या काहीच नसलेल्याला नियमाप्रमाणे दाबतो, डोके आणि शेपूट जोडून नेमकी २० बाइटांची निर्दोष फाइल तयार करतो आणि शून्य देतो. दुसऱ्या रात्रीही २० बाइट, तिसऱ्या रात्रीही. फोल्डरात रोजच्या तारखेच्या फायली शिस्तीत उभ्या असतात, आणि ज्या दिवशी प्रत खरोखर लागते त्या दिवशी त्यांतली एकेक उघडून पाहिली जाते. वाटेतला कोणीही नापास झाला तर सगळा पाइप नापास धरावा, असा ‘पाइपफेल’ नावाचा पर्याय बॅश या शेलमध्ये फार दिवसांपासून आहे. २०२४ च्या पॉझिक्स मानकात तो अधिकृतही झाला. चालू मात्र तो हाताने करावा लागतो, आणि हात सहसा २० बाइटांची फाइल पाहिल्यानंतर वळतो.

निकाल विचारलाच नाही तर काय होते, याचीही व्यवस्था आहे. संपलेल्या प्रोग्रामची स्मृती, फायली, सारे काही कर्नल परत घेतो, पण प्रोसेसच्या तक्त्यातली एक ओळ पुसत नाही, कारण तिच्यात रिटर्न कोड असतो आणि तो बापाने अजून विचारलेला नसतो. या अवस्थेतल्या प्रोसेसला झोंबी म्हणतात. तिला नऊ नंबरचा सिग्नल मारून उपयोग नाही. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही. पिंड मांडलेला असतो, कावळा शिवत नसतो. बापाने येऊन ‘वेट’ म्हटले की क्षणात शिवतो. बापाला ते कधीच सुचले नाही, तर बाप मरण्याची वाट पाहावी लागते. मग पोरक्या मुलांना १ क्रमांकाची मूळपुरुष प्रोसेस दत्तक घेते आणि सगळ्यांचे पिंड एका बैठकीत उरकते. त्यांचे निकाल ऐकते आणि विसरते. कंटेनरमध्ये या मूळपुरुषाच्या गादीवर पुष्कळदा कुठला तरी साधा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला दत्तकविधानही ठाऊक नसते आणि श्राद्धही. तिथे झोंबींची वस्ती वाढत जाते.

झोंबी निदान तक्त्यात दिसतात. बाकीच्या निकालांचे काय होते ते दिसतही नाही. ठरल्या वेळी कामे चालवणारा ‘क्रॉन’ प्रोग्रामचा आकडा पाहून कोणाला कळवत नाही. प्रोग्रामने काही छापले तरच तो टपाल पाठवतो. म्हणजे पास होऊन बडबड करणाऱ्याची रोज चिठ्ठी येते आणि नापास होऊन गप्प राहणाऱ्याची कधीच येत नाही. शिवाय स्क्रिप्टचा निकाल हा तिच्या शेवटच्या आज्ञेचा निकाल असतो, आणि स्क्रिप्ट लिहिणारे बहुधा सौजन्याची माणसे असतात. ती शेवटी एक ओळ घालतात: ‘काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले.’ वरच्या चाळीस ओळी कोसळलेल्या असल्या तरी ही ओळ छापली जाते, छापण्यात यश येते, आणि स्क्रिप्ट भोपळा घेऊन घरी जाते.

फक्त भोपळा देणे एवढ्याचसाठी युनिक्समध्ये ‘ट्रू’ नावाचा प्रोग्राम आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो म्हणजे एक पूर्ण रिकामी फाइल होती. रिकाम्या स्क्रिप्टमध्ये चुकायला काही नसते, म्हणून निकाल शून्य. नंतरच्या व्यावसायिक आवृत्तीत त्या रिकामपणावर कॉपीराइटची सूचना चढवली गेली. ग्नू प्रकल्पाने तो सी भाषेत लिहिला, आणि स्वतःची आवृत्ती व मदत छापण्याची सोय त्यात घातली. ती छापायला सांगून बाहेर पडण्याची वाट भरलेल्या डिस्ककडे वळवली, तर छापणे जमत नाही; आणि नेहमी खरे बोलण्यासाठीच जन्मलेला हा प्रोग्राम १ सांगून जातो. त्या क्षणी तो खरेच बोलत असतो. ते ऐकायला पुढच्या ओळीत डॉलर आणि प्रश्नचिन्ह लिहिलेले हवे, एवढेच.